मृद्भांड्यांच्या जोडणीत अ‍ॅक्रिलिक राळेचा वापर : द्रावणाची सिद्धता, सुरक्षितता आणि आपले हवामान

प्रस्तावना

महाराष्ट्रातील बहुतेक जुन्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांत वस्तुसंग्रहाचे एखादे कपाट आढळते. त्यात काही नाणी, मोडी कागदपत्रांचे एखादे दप्तर, शस्त्राचे एखादे गंजलेले पाते आणि जवळपास हमखास खापरांची एक टोपली असते. ही खापरे कोणी, केव्हा व कोठून आणली याची नोंद क्वचितच सापडते. कोणा निवृत्त प्राध्यापकांनी प्रवरेच्या किंवा भीमेच्या काठावरील पांढरीच्या टेकाडावरून ती एके काळी उचललेली असतात. त्यांपैकी काही एकाच भांड्याची आहेत असे लक्षात आले, की ती जोडून भांडे उभे करावे असा मोह विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांनाही होतो. मोह स्वाभाविक आहे. अडचण अशी, की त्या क्षणी हाताशी जो चिकट पदार्थ असेल तो वापरला जातो आणि भांडे कायमचे बिघडते.

वस्तूंच्या जतन-संवर्धनाच्या क्षेत्रात खापरे, काच व दगड यांच्या जोडणीसाठी गेल्या काही दशकांत अ‍ॅक्रिलिक राळ, विशेषतः ‘पॅरालॉइड बी-७२’, सर्वाधिक विश्वासाची ठरली आहे. या राळेचे स्वरूप काय, तिचे द्रावण कसे सिद्ध करावे, ते हाताळताना कोणती दक्षता घ्यावी आणि महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात ते कोठे कमी पडते, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, प्रशिक्षित संवर्धक नाही. विभागीय संग्रहाची जबाबदारी अंगावर आल्यामुळे हे शिकावे लागले आणि शिकताना चुकाही झाल्या. त्यांपैकी एक चूक पुढे सविस्तर सांगितली आहे, कारण ती इतरत्रही सहज होण्याजोगी आहे.

सुरुवातीलाच एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू सर्वसाधारणपणे पुरावस्तू ठरते. दुर्मिळ, रंगीत, चित्रित किंवा ठिसूळ वस्तूला महाविद्यालयात हात लावू नये. त्यासाठी लखनौ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र यांसारख्या ठिकाणी विचारणा करावी. येथे वर्णिलेली कृती आधी कुंभाराकडून आणलेले नवे गाडगे फोडून त्याच्या खापरांवर करून पाहावी आणि नंतर साध्या, भक्कम भाजलेल्या खापरांपुरतीच मर्यादित ठेवावी.

जोडणीच्या जुन्या साधनांचा अनुभव

जोडणारा पदार्थ कितीही उत्तम असला तरी तो कधीतरी काढावा लागणार, या गृहीतकावर आधुनिक संवर्धनशास्त्र उभे आहे. हे गृहीतक अनुभवातून आले आहे. अजिंठ्याचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. निजाम सरकारने १९२०-२२ च्या सुमारास तेथील चित्रांच्या जतनासाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू लागलेला रंगथर स्थिर करण्यासाठी त्यांनी लाखेचा वापर केला. तत्कालीन ज्ञानानुसार ते काम प्रामाणिकपणे झाले होते. परंतु लाख काळाबरोबर पिवळी-तपकिरी होत जाते आणि मूळ द्रावकात विरघळेनाशी होते. चित्रांवरील हा काळवंडलेला थर काढण्याचे किचकट काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशास्त्रज्ञांना पुढे दीर्घकाळ करावे लागले.

खापरांच्या बाबतीतही असेच घडले. प्राणिज सरस दमट हवेत सुटतो आणि त्यावर बुरशी येते. ट्यूबमधून मिळणारे सेल्युलोज नायट्रेट अनेक दशके उत्खननांवर वापरले गेले. ते आकसते, पिवळे पडते आणि विघटन होताना आम्ल वायू सोडते. सुतारकामातील पांढरा डिंक, म्हणजे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेटचे पायस, साध्या उष्णतेतही मऊ पडतो आणि भाराखाली हळूहळू सरकतो. इपॉक्सीची जोडणी अतिशय भक्कम असते आणि नेमकी हीच तिची उणीव आहे. तिचे रेणू परस्परांत जाळ्यासारखे गुंततात, त्यामुळे ती कोणत्याही द्रावकात विरघळत नाही. शिवाय इपॉक्सीने जोडलेल्या भांड्याला पुन्हा धक्का बसला, तर सांधा टिकतो आणि शेजारचे खापर फुटते. संवर्धनाचा नियम याच्या उलट आहे. सांधा वस्तूपेक्षा दुबळा असला पाहिजे, म्हणजे प्रसंग आला तर सांधा निखळेल आणि वस्तू वाचेल.

राळेचे स्वरूप

अ‍ॅक्रिलिक बहुवारिकांचा पाया ओटो र‍्योम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १९०१ मधील प्रबंधाने घातला. ओटो हास यांच्यासह त्यांनी १९०७ मध्ये कंपनी स्थापन केली, ती मात्र कातडी कमावण्याचे रसायन विकण्यासाठी. अ‍ॅक्रिलिकचा व्यवसाय पुष्कळ नंतरचा. बी-७२ ही राळ मुळात रंगलेप व शाई यांच्या उद्योगासाठी तयार झाली. अमेरिकेत ती पूर्वी ‘अ‍ॅक्रिलॉइड’ या नावाने विकली जात असे, म्हणून जुन्या ग्रंथांत ते नाव आढळते.

रासायनिकदृष्ट्या ती इथाइल मेथॅक्रिलेट आणि मिथाइल अ‍ॅक्रिलेट यांचे सहबहुवारिक आहे. दोहोंचे प्रमाण साधारण ७०:३० असे दिले जाते. तिचे रेणू लांब साखळ्यांसारखे असून परस्परांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. म्हणून अ‍ॅसिटोन, टोल्युइन, झायलीन अशा द्रावकांत ती विरघळते, द्रावक उडून गेल्यावर घट्ट होते आणि अनेक वर्षांनीही त्याच द्रावकात पुन्हा विरघळते. रॉबर्ट फेलर यांनी प्रकाशाच्या दीर्घ माऱ्याखाली विविध राळांचा अभ्यास केला आणि १९७८ मध्ये त्यांच्या टिकाऊपणाचे वर्गीकरण सुचविले. शंभर वर्षांहून अधिक टिकण्याची अपेक्षा असलेल्या ‘अ’ वर्गात बी-७२ मोडते. तिच्या लोकप्रियतेचा आधार हाच आहे.

आणखी एक गुणधर्म आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. अशा प्रत्येक राळेचे एक ठरावीक तापमान असते. त्याखाली ती काचेसारखी कडक असते आणि त्याच्यावर रबरासारखी लवचीक होऊ लागते. याला काच-संक्रमण तापमान म्हणतात. ढेपेचा गूळ पौषात फोडावा लागतो आणि वैशाखात बोटाने दबतो. दोन्हींची कारणे वेगळी असली तरी अनुभव तोच आहे. बी-७२ साठी हे तापमान ४० अंश सेल्सिअस आहे. युरोपातील संग्रहालयात हा आकडा निश्चिंत करणारा आहे. जळगाव, नागपूर किंवा चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे ध्यानात घेतले की तोच आकडा वेगळा वाटू लागतो.

द्रावणाची सिद्धता

राळ स्फटिकासारख्या पारदर्शक दाण्यांच्या रूपात मिळते. वापराच्या हेतूनुसार द्रावणाचे प्रमाण बदलते. भुसभुशीत पृष्ठभाग बळकट करण्यासाठी २ ते ५ टक्के, खापराच्या कडांना पहिला पातळ हात देण्यासाठी सुमारे ५ टक्के, आणि प्रत्यक्ष जोडणीसाठी ५० टक्के किंवा त्याहून थोडे दाट द्रावण लागते.

‘५० टक्के’ या शब्दांनीच पहिला घोटाळा होतो. ५० ग्रॅम राळ आणि ५० ग्रॅम अ‍ॅसिटोन असे दोन्ही वजनाने घेतल्यास द्रावण वजनी ५० टक्के होते. परंतु अनेकजण ५० ग्रॅम राळ घेऊन मोजपात्रातील १०० मिलीलीटर अ‍ॅसिटोनमध्ये टाकतात. अ‍ॅसिटोनची घनता ०.७९ असल्याने १०० मिलीलीटरचे वजन ७९ ग्रॅम भरते आणि द्रावण प्रत्यक्षात वजनी ३९ टक्केच राहते. ते ओघळते, आकसते आणि सांधा कच्चा राहतो. म्हणून दोन्ही घटक तराजूवरच घ्यावेत. अ‍ॅसिटोन मापानेच घ्यायचे झाल्यास ५० ग्रॅमसाठी सुमारे ६३ मिलीलीटर घ्यावे. कोणत्या पद्धतीचे टक्के आहेत ते बाटलीच्या चिठ्ठीवर लिहावे.

दाणे थेट बाटलीत ओतू नयेत. आम्ही पहिल्यांदा तसेच केले. दाण्यांचा तळाशी एक चिवट गोळा झाला आणि तो तीन दिवस ढवळूनही विरघळेना. एका उत्साही विद्यार्थ्याने बाटली गरम पाण्यात ठेवण्याची सूचना केली. रसायनशास्त्र विभागातील सहकाऱ्यांनी वेळीच अडविले नसते तर हा लेख कदाचित वेगळ्या कारणासाठी लिहावा लागला असता. योग्य पद्धत सोपी आहे. दाणे मलमलीच्या किंवा गॉझच्या पुरचुंडीत बांधावेत आणि ती दोऱ्याने रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनच्या वरच्या थरात बुडेल अशी टांगून झाकण घट्ट लावावे. विरघळलेली राळ जड असल्यामुळे आपोआप खाली उतरते, वर ताजे अ‍ॅसिटोन येत राहते आणि एका रात्रीत, फार तर दोन दिवसांत, काम होते. उष्णता लागत नाही आणि ढवळावेही लागत नाही. बरणीवर बाहेरून द्रावणाच्या पातळीची खूण करावी. पुढे पातळी उतरलेली दिसल्यास तेवढे अ‍ॅसिटोन उडून गेले असे समजावे.

बरणी काचेची किंवा पॉलिथिलीनची असावी. चहाचे थर्माकोलचे किंवा पारदर्शक कडक प्लास्टिकचे पेले अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात आणि द्रावण दूषित करतात.

स्टीफन कूब यांनी १९८६ मध्ये ‘स्टडीज इन कॉन्झर्व्हेशन’ या नियतकालिकात या राळेचा जोडणीसाठी वापर तपशिलाने मांडला. दाट द्रावणात वजनाच्या सुमारे ०.१ टक्का अतिसूक्ष्म सिलिका मिसळावी आणि मिश्रण ॲल्युमिनियमच्या रिकाम्या ट्यूबमध्ये भरून ठेवावे, ही पद्धत त्यांच्यामुळे रूढ झाली. सिलिकेमुळे द्रावण दाबल्यावर वाहते आणि दाब काढताच थांबते. १०० ग्रॅम मिश्रणास ०.१ ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच, पुरते. मात्र ही भुकटी इतकी हलकी असते की बाटली उघडताच हवेत तरंगते, म्हणून हे एक काम धूळरोधक मुखपट्टी लावून आणि पंखा बंद करून करावे. ट्यूब भरल्यावर ती उभी ठेवून बुडबुडे वर येऊ द्यावेत आणि मग मागचे टोक दुमडावे.

प्रत्यक्ष जोडणी

खापरे कोरडी व स्वच्छ असावीत आणि फुटलेल्या कडांवर मातीचा कण राहू नये. कडांवरील एका वाळूच्या कणामुळे पडलेला फरक दहाव्या खापरापर्यंत पोचताना काही मिलीमीटरांचा होतो आणि शेवटचा तुकडा बसत नाही. म्हणून डिंक लावण्यापूर्वी संपूर्ण भांड्याची कोरडी मांडणी करून क्रम ठरवावा. कोणताही तुकडा दोन जोडलेल्या तुकड्यांमध्ये ‘कोंडला’ जाणार नाही असा तो क्रम असावा.

जोर्वे पद्धतीची भांडी या कामाला अनुकूल आहेत. सांकळिया व देव यांनी १९५०-५१ मध्ये प्रवरेकाठच्या जोर्वे येथे केलेल्या उत्खननावरून हे नाव पडले. लाल पृष्ठावर काळ्या रेषांची नक्षी असलेली ही चाकावरची भांडी इतकी चांगली भाजलेली असतात की टिचकी मारल्यास खणखणतात. त्यांच्या कडा भक्कम असतात. त्याच काळातील हाताने घडविलेली जाडीभरडी भांडी मात्र कच्ची असतात. त्यांच्या कडांना प्रथम ५ टक्के द्रावणाचा हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावे लागते, नाहीतर दाट द्रावण कडेवरच्या सैल कणांना चिकटते आणि सांधा त्या कणांसह सुटून येतो. हे द्रावण सच्छिद्र मातीत शिरले की पुन्हा संपूर्णपणे बाहेर काढता येत नाही, हेही लक्षात ठेवावे. राळ पुन्हा विरघळते हा गुण सांध्यापुरता खरा आहे, मुरलेल्या द्रावणाबाबत तो बराचसा कागदावरच राहतो.

द्रावणाची बारीक रेघ एकाच कडेवर, भिंतीच्या जाडीच्या मध्यभागी ओढावी. दोन्ही कडा जुळवून घट्ट दाबाव्यात, क्षणभर विलग कराव्यात आणि पुन्हा दाबाव्यात. बाहेर आलेली राळ लगेच पुसू नये. ती थोडी रबरासारखी झाली की टोकदार काडीने सोलून निघते. जोडलेले तुकडे वाळूने भरलेल्या परातीत, गुरुत्वाकर्षणाचा भार सरळ सांध्यावर खाली येईल अशा बेताने उभे करावेत. वाळूवर पातळ कापड घालावे. चिकटपट्टी रंगविलेल्या पृष्ठावर कधीही लावू नये, तिच्याबरोबर नक्षी निघून येते.

हंगामाचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात अ‍ॅसिटोन झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करते, त्यावर हवेतील ओल जमते आणि राळ पांढुरकी होते. अशा वेळी कोरड्या दिवसाची वाट पाहावी, किंवा रसायनशास्त्र विभागाकडे परवान्यावर असलेले थोडे इथेनॉल मिसळून बाष्पीभवन मंद करावे. उन्हाळ्यात अडचण उलटी होते. कडा जुळविण्याआधीच राळेवर साय धरते आणि आत अडकलेल्या बाष्पाचे बुडबुडे होतात. म्हणून काम सकाळी लवकर उरकावे.

अ‍ॅसिटोन हाताळताना

राळ स्वतः जवळपास निरुपद्रवी आहे. धोका आहे तो द्रावकाचा. नखांचे रंग काढणारे द्रव म्हणून घरोघरी परिचित असल्याने अ‍ॅसिटोनला कोणी घाबरत नाही. ते ५६ अंशांवर उकळते, आणि उणे २० अंशांच्या आसपासच्या थंडीतही त्याचे बाष्प ठिणगीने पेटू शकते. बाष्प हवेच्या दुप्पट जड असल्याने ते जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचून तेथून आग मागे आणू शकते. हवेत त्याचे प्रमाण सुमारे अडीच टक्के झाले की मिश्रण स्फोटक ठरते.

अडीच टक्के म्हणजे किती? विभागातील नेहमीचे लोखंडी कपाट सुमारे ८५० ते ८६० लीटर आकारमानाचे असते. त्याच्या अडीच टक्के म्हणजे साधारण साडेएकवीस लीटर बाष्प. हिशेब केल्यास त्यासाठी जेमतेम ५० ग्रॅम द्रव अ‍ॅसिटोन पुरते. वर सांगितलेल्या कृतीत आपण घेतले, नेमके तेवढेच. झाकण सैल राहिलेली एक बरणी बंद कपाटात रात्रभर राहिली तर सकाळी कपाट उघडताना काय स्थिती असू शकेल, याची कल्पना या आकड्यावरून यावी. म्हणून साठा लहान ठेवावा, अर्धा लीटरहून अधिक बाळगू नये आणि बाटली रसायनशास्त्र विभागाच्या ज्वालाग्राही पदार्थांच्या कपाटात ठेवावी. घरगुती फ्रिजमध्ये तर कधीच ठेवू नये, त्याच्या तापमान-नियंत्रकाची ठिणगी आतच पडते.

काम खिडक्या उघडून आणि जमिनीलगतची हवा बाहेर जाईल अशा ठिकाणी करावे. बर्नर, शेगडी, मोबाइलचा चार्जर, अगरबत्ती यांपैकी काहीही जवळ नसावे. येथे एक स्थानिक बाब नमूद करावीशी वाटते. खंडेनवमीला आपल्याकडे प्रयोगशाळांतील उपकरणांची पूजा होते, टेबलावर निरांजन व उदबत्ती लागते. त्या दिवशी, आणि आदल्या दिवशीही, द्रावकाचे काम करू नये. पूजेला विरोध नाही, टेबल वेगळे असावे एवढेच.

कापडी किंवा धुळीची मुखपट्टी बाष्प अडवीत नाही. दीर्घकाळ काम असेल तर सेंद्रिय बाष्पासाठीची कार्यान्वित कोळशाची कुपी असलेला श्वसनरक्षक लागतो. हातमोज्यांविषयी गैरसमज अधिक आहे. दवाखान्यात वापरले जाणारे निळे नायट्राइलचे पातळ मोजे अ‍ॅसिटोनपुढे फार वेळ टिकत नाहीत, ते फुगतात आणि द्रव आत झिरपतो. ब्यूटाइल रबराचे मोजे योग्य असतात. ते न मिळाल्यास पातळ मोजे केवळ उडणाऱ्या थेंबापुरते आहेत असे समजावे आणि भिजताच बदलावेत. डोळ्यांना चष्मा हवाच. टोल्युइनमध्येही ही राळ उत्तम विरघळते व ती सावकाश वाळते. परंतु टोल्युइन मज्जासंस्थेला घातक असल्याने धूरनिवारक कक्षाशिवाय ते वापरू नये, असे लेखकाचे मत आहे.

भिजलेले कापसाचे बोळे झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकावेत, केराच्या टोपलीत नव्हे. उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. बरणीत वाळलेली राळ फुकटही जात नाही, अ‍ॅसिटोन घातले की ती पुन्हा कामाला येते. आणखी एक गोष्ट बहुधा लिहिली जात नाही, पण महाविद्यालयात ती संभवते. डाग काढण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्षार काढण्यासाठी आम्ल, या दोन्ही वस्तू खापरांच्या स्वच्छतेत वापरल्या जातात. त्यांचे उरलेले द्रव अ‍ॅसिटोनच्या टाकाऊ बाटलीत ओतल्यास अत्यंत संवेदनशील स्फोटक संयुग तयार होऊ शकते. क्लोरोफॉर्मही त्या बाटलीत जाता कामा नये. प्रत्येक टाकाऊ द्रवाची बाटली स्वतंत्र आणि नाव लिहिलेली हवी. आगीसाठी कोरड्या भुकटीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक दाराजवळ ठेवावे आणि ते कसे चालवायचे हे निदान दोघांना ठाऊक असावे.

मे महिन्याचा प्रश्न

आता ती चूक. आमच्या विभागात तोटीच्या एका भांड्याची अकरा खापरे होती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा संपल्यावर ती शुद्ध बी-७२ ने जोडली. सांधे एका तासात घट्ट वाटले. चार दिवसांनी भांडे पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या काचेच्या कपाटात ठेवले आणि सर्वजण सुट्टीवर गेले. जूनमध्ये कपाट उघडले तेव्हा तोटी सुमारे एका बोटाने खाली झुकलेली होती. तिच्या बुडाचा सांधा ताणलेल्या मधासारखा ओढला गेला होता. पडले मात्र काही नव्हते आणि एकाही खापराची कड दुखावलेली नव्हती.

कारणे दोन होती. पहिले तापमान. पुढील वर्षी त्याच कपाटात कमाल-किमान तापमापक ठेवला, तेव्हा मेच्या एका दुपारी ४४ अंशांची नोंद मिळाली. बी-७२ ची मर्यादा तेथे ओलांडली जात होती. दुसरे कारण अधिक शिकविणारे होते. राळ तासाभरात स्पर्शाला कोरडी होते, पण सांध्याच्या पोटातील अ‍ॅसिटोन पूर्ण निघून जाण्यास कित्येक आठवडे लागतात. हे उरलेले द्रावक राळेला मऊ ठेवते, म्हणजेच तिचे काच-संक्रमण तापमान ४० अंशांच्याही खाली आणते. आमचा सांधा म्हणूनच मे महिन्यात टिकणे शक्य नव्हते. तोटी भांड्याच्या अंगाबाहेर लोंबत असल्याने सर्व भार त्या एका सांध्यावर होता.

यावर जगभर विचार झाला आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील तुलिओ लोम्बार्दो या शिल्पकाराचा ‘अ‍ॅडम’ हा पंधराव्या शतकाच्या अखेरचा संगमरवरी पुतळा ऑक्टोबर २००२ मध्ये चौथरा कोसळून पडला आणि त्याचे मोठे २८ तुकडे व शेकडो कपचे झाले. घाई न करता तेथील संवर्धकांनी व अभियंत्यांनी बारा वर्षे अभ्यास व काम केले, आणि पुतळा नोव्हेंबर २०१४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला. त्याच्या सांध्यांसाठी बी-७२ चे तीन भाग आणि बी-४८एन या दुसऱ्या अ‍ॅक्रिलिक राळेचा एक भाग असे मिश्रण निवडले गेले. बी-४८एन चे काच-संक्रमण तापमान ५० अंश आहे. मनुष्याकृती पुतळ्याचा भार पेलणारा सांधा, तरीही द्रावकात विरघळणारा, ही त्या निवडीमागची अट होती. उष्ण प्रदेशांत काही संवर्धक ६० अंशांची बी-४४ वापरतात, परंतु ती अधिक ठिसूळ आहे.

आमच्या भांड्याचे सांधे अ‍ॅसिटोनमध्ये भिजविलेल्या बोळ्यांनी दोन दिवसांत सुटले. कडा पुसून, ३७.५ ग्रॅम बी-७२, १२.५ ग्रॅम बी-४८एन आणि ५० ग्रॅम अ‍ॅसिटोन अशा मिश्रणाने ते डिसेंबरमध्ये पुन्हा जोडले. दोन महिने वाळूच्या परातीत राहू दिले, कपाट आतल्या भिंतीला हलविले आणि तोटीखाली पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पत्र्याचा आधार दिला. त्यानंतरचे दोन उन्हाळे सांधा हललेला नाही. हे यश राळेचे किती आणि आधाराचे किती हे वेगळे करता येणार नाही. तसेच दोन वर्षे हा या विषयात फार थोडा काळ आहे. मात्र पहिल्या वेळी इपॉक्सी वापरली असती तर तोटी झुकली नसती, हे खरे असले तरी तिच्या जोडीतील चूक कायमची झाली असती. आमच्या पहिल्या जोडणीत तोटीचा कोन थोडा चुकला होता, तो झुकल्यामुळेच पुन्हा तपासला गेला.

क्रमांक आणि नोंद

याच राळेचा महाविद्यालयीन संग्रहाला रोजचा उपयोग होतो तो क्रमांक घालण्यासाठी. खापरावर थेट शाईने लिहिले की ती मातीत मुरते. त्याऐवजी आतल्या बाजूस, नक्षी नसलेल्या जागी, १५ ते २० टक्के द्रावणाचा नखाएवढा पट्टा द्यावा. तो वाळल्यावर त्यावर बारीक टाकाने क्रमांक लिहावा आणि वर पातळ द्रावणाचा एक हलका हात द्यावा. पुढे क्रमांक बदलायचा झाल्यास अ‍ॅसिटोनच्या एका बोळ्याने सारे निघून जाते.

प्रत्येक संचातील काही खापरे मात्र न धुता, न जोडता, कोणतीही राळ न लावता कागदी पाकिटात बाजूला ठेवावीत. भांड्यात शिजलेल्या अन्नाच्या स्निग्धांशाचे पृथक्करण किंवा उष्मादीप्ती पद्धतीने कालनिर्णय करण्याची सोय कधी उपलब्ध झाली, तर राळेचा स्पर्श झालेले खापर त्या कामी संशयास्पद ठरते.

जोडलेल्या भांड्याचे एक पत्रक करून ते भांड्याबरोबरच ठेवावे. आमच्या तोटीच्या भांड्याच्या पत्रकावर पुढील मजकूर आहे : खापरे ११, पैकी कडांना ५ टक्के द्रावण दिलेली २, राळ बी-७२ व बी-४८एन, ३:१, वजनी ५० टक्के, अ‍ॅसिटोनमध्ये, सिलिका ०.१ टक्का; पहिली जोडणी शुद्ध बी-७२ ची, उन्हाळ्यात झुकली, अ‍ॅसिटोनने सोडविली; दुसऱ्या जोडणीचा दिनांक व जोडणाऱ्या विद्यार्थ्यांची नावे; न जोडलेली खापरे ३, पाकीट क्र. ७ मध्ये.